वही कोरीच आणावी

“ताई, पांढरा पातळ आहे का?”

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात एका गृहस्थांनी मला हा प्रश्न विचारला. मी त्यांना रस्त्यापलीकडच्या साडीच्या दुकानाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, “नाही हो, शाळेच्या यादीत आहे,” आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. यादीत खरंच तसं होतं, ‘पांढरा पातळ – १’. नेसायचं पातळ असतं तर ते ‘पांढरं’ झालं असतं, तेव्हा साडी नाही एवढं नक्की झालं. शाळेत शिकलेल्या व्याकरणाचा मला धंद्यात झालेला एवढाच उपयोग. मग पातळ काय? कागद, डिंक की रंग? गृहस्थ म्हणाले, “तुम्ही इतकी वर्षं दुकानात बसता, तुम्हाला माहीत असेल.” मी कागद दिला. दुसऱ्या दिवशी ते डिंक न्यायला आले आणि कागद परत घेता का विचारू लागले. मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ते जुने पुणेकर असावेत, कारण पुढे काही बोलले नाहीत.

विश्रांतवाडीत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. आमचे हे कारखान्यात होते, त्यामुळे दुकान पहिल्यापासून माझंच. आता तिथे मुलगा बसतो आणि मी फक्त जून महिन्यात जाते, जुना डॉक्टर बाळंतपण अडलं की बोलवावा तशी. या अंकाच्या संपादकांनी दुकानातले अनुभव लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी विचारलं, समास किती सोडू, एक ओळ सोडून लिहू का, शाई निळी की काळी? ते म्हणाले, “अहो, मोकळेपणाने लिहा.” अशी सूचना मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. त्यामुळे काही कमीजास्त झालं तर जबाबदारी त्यांची.

बाहेरच्यांसाठी धंद्याची माहिती थोडक्यात सांगते. वही एकरेघी असते, दुरेघी असते, चाररेघी असते, चौकटीची असते आणि कोरी असते. दुरेघी मराठी अक्षरासाठी, चाररेघी इंग्रजीसाठी, चौकटीची गणिताला. कोरी म्हणजे बिनरेघी, ती चित्रांना. गिऱ्हाईक ‘वही द्या’ म्हणालं की आम्ही विचारतो, “रेघी की कोरी?” हा प्रश्न मी इतक्या वेळा विचारला आहे, की ऑपरेशननंतर भूल उतरताना मी तोच विचारत होते असं सूनबाई सांगते. नर्सला वाटलं मी चहाबद्दल बोलतेय. ती म्हणाली, आज कोराच मिळेल.

पूर्वी एवढं ज्ञान पुरायचं. बाई फळ्यावर लिहायच्या, पोरं उतरवून आणायची, आणि त्यात चूक झाली तरी कुणाचं काही अडायचं नाही. आता यादी मोबाइलवर येते आणि ती मुलांसाठी नसून वकिलांसाठी लिहिलेली असते. खोडरबर पांढरा, बिनवासाचा, कोणत्याही फळाच्या आकाराचा नसलेला. पेन्सिलला टोक केलेलं असावं, पण घरी केलेलं. रंगखडू एका डबीत आणावेत, त्यात पांढरा नसावा. आता पांढऱ्याशिवाय डबी कुठली कंपनी बनवत नाही. म्हणून आया दुकानातच डबी उघडतात, पांढरा खडू काढून काउंटरवर ठेवतात आणि जातात. माझ्याकडे पांढऱ्या रंगखडूंचा एक मोठा डबा भरला आहे. ज्या देशात पांढरा कागद जास्त आहे तिथे त्यांचा काही उपयोग नाही.

आणि कव्हर. खाकी कागदाला एक बाजू गुळगुळीत असते आणि एक खरबरीत. गुळगुळीत बाजू आत घालायची की बाहेर, यावर एकाच वर्गाच्या दोन मिसचं एकमत नव्हतं. विज्ञानाच्या मिसना ती बाहेर हवी होती, कारण डाग पुसता येतात. इतिहासाच्या मिसना आत हवी होती, कारण बाहेर चकाकते. एक बाई माझ्या दुकानात वह्यांचा ढीग घेऊन उभी होती आणि कुठल्या वहीला कुठली बाजू, हे आठवता आठवता तिला रडू फुटलं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. मी तिला आत बोलावून पाणी दिलं.

दहा मिनिटांत वही घरी आणून देणारे आता पुष्कळ झाले आहेत. लोक मला विचारतात, त्रास होतो का? छे. गुळगुळीत बाजू आत की बाहेर हे विचारायला लोक अजून माझ्याकडेच येतात. उत्तर घेतात, आभार मानतात आणि वही मोबाइलवरून मागवतात.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट प्रणाली मिसची, मी रोज दुकानात बसायचे तेव्हाची.

आमच्या भागातल्या एका इंग्रजी शाळेत ती मराठी शिकवायला आली होती. शाळेचं नाव सांगत नाही, सांगितलं तर ते स्पेलिंग तपासतील. मुलगी भंडाऱ्याकडची, नुकतीच बी.एड. झालेली. इथे मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. घरच्यांशी तिचा करार साधा होता. नोकरी आहे तोवर पुणं, नोकरी गेली की परत यायचं आणि पाहून ठेवलेल्या मुलाशी लग्न करायचं. शाळेने तिला पहिलं वर्ष कच्चं ठेवलं होतं. पक्कं करायचं की नाही ते हेडमॅम ठरवणार होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळली ती तिची यादी.

त्या शाळेची यादी सगळी इंग्रजीत, एकच ओळ मराठीत. ‘इयत्ता दुसरी, मराठी – दोन वह्या. वही कोरीच आणावी.’

ही ओळ घेऊन पहिल्यांदा आले ते वेदांतचे बाबा. आयटीतले, खराडीला जाणारे, गळ्यात ओळखपत्राची दोरी घालूनच झोपत असतील असे.

मी म्हटलं, “दुसरीला मराठीसाठी कोरी? काहीतरी चुकलंय. दुरेघी लागते.”

“कोरीच लिहिलंय, ताई. ‘च’ आहे बघा.”

“तो दिसला मला. पण एकदा मिसना विचारून घ्या.”

“विचारायचं काय त्यात? च म्हणजे मँडेटरी. आमच्याकडे क्लायंटने च लावला की आम्ही विषय संपवतो.”

त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी, जाड कागदाची, बिनरेघी वही घेतली. एवढं करून थांबले असते तर बरं. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं की मराठीला अनरूल्ड हवी आहे, दुकानात कन्फर्म केलं आहे. मग काय, तिसऱ्या प्रहरापर्यंत माझ्याकडची बिनरेघी वही संपली. दुसऱ्या दिवशी मुलगा अप्पा बळवंत चौकात जाऊन आणखी घेऊन आला, त्याही गेल्या. मी प्रत्येकाला सांगत होते, अहो, दुरेघी लागेल. प्रत्येक जण मला मोबाइल दाखवत होता. शेवटी मी सांगणं बंद केलं. पुण्यात दुकानदाराने एकदा सांगावं, दोनदा सांगितलं की लोकांना माल खपवायचा आहे असं वाटतं.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी प्रणाली मिस दुकानात आली. जेवणाच्या वेळी मी शटर अर्धं ओढून घ्यायचे. ती खाली वाकून आत आली, तेव्हाच मी ओळखलं की ही इथली नाही. इथला माणूस अर्धं शटर पाहून परत जातो, किंवा बाहेरून ओरडतो.

“काकू, तुम्ही बिनरेघी वह्या विकल्या न? त्या परत घ्याल का?”

मी पाटीकडे पाहणार होते, पण तिचा चेहरा पाहून राहू दिलं.

“मी कोरी म्हणजे नवी म्हटली होती न,” ती म्हणाली. “मागच्या वर्षीची अर्धी लिहिलेली वही पोरं आणतात, उलटी करून मागून सुरू करतात. म्हणून लिहिलं, कोरीच आणा. त्याच्यात बिनरेघीचं कुठून आलं?”

“काउंटरवरून,” मी म्हटलं.

बिचारीची काही चूक नव्हती. घरात कोरी म्हणजे न वापरलेली. साडी कोरी असते, मडकं कोरं असतं, नवंकोरं म्हणतो आपण. पण तोच शब्द आमच्या काउंटरवर आला की त्याच्या रेघा पुसल्या जातात. तिने घरातली मराठी लिहिली आणि लोकांनी ती दुकानात वाचली. एखाद्या इंग्रजी शब्दाने असा घोटाळा केला असता तर सगळ्यांनी मिसला विचारलं असतं. मराठी सगळ्यांनाच येते, म्हणून कुणी विचारलं नाही.

“मग तुम्ही त्यांना काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं गं. तुझा ‘च’ आडवा आला.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. वर्गात अर्ध्या मुलांची अक्षरं डोंगर चढत होती आणि अर्ध्यांची घसरत होती. ग्रुपवर पालक चिडले होते. हेडमॅमनी तिला बोलावून सांगितलं होतं की शनिवारी पालकसभा आहे, पालकांचं समाधान तुम्ही करा, नाहीतर तुमच्याबद्दल मला विचार करावा लागेल. हा विचार कसला असतो ते तिला माहीत होतं. घरून फोन आला होता. मुलाकडचे दिवाळीनंतरच्या मुहूर्ताची घाई करतायत, असं आई म्हणत होती.

वह्या परत घेणं शक्य नव्हतं. सगळ्यांना कव्हरं चढली होती, लेबलं लागली होती, पहिल्या पानावर मुलांची नावं आणि कुणाकुणाच्या आजीने काढलेली फुलं होती. नव्या घ्यायला सांगावं तर पालक तिलाच धरतील. मी डबा उघडा ठेवूनच विचार करत बसले. तिला पोळीभाजी दिली, ती तिने खाल्ली.

मग मला माझे वडील आठवले. वस्तीत लिहिता येणारे ते एकटे, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली, असं आई सांगायची. त्या कोनाड्यात त्यांचा एक पुठ्ठा असायचा. त्यावर जाड काळ्या रेघा आखलेल्या. कोऱ्या कागदाखाली तो पुठ्ठा ठेवायचा, रेघा वरून पुसट दिसतात, त्यावरून लिहायचं. पुठ्ठा काढला की कोऱ्या कागदावर सरळ ओळी. साहेबांना वाटायचं, काय हात आहे. मी एक जाड कागद घेतला, काळा मार्कर घेतला आणि दुरेघी आखली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या प्रती काढल्या. प्रणालीने सोबत आणलेल्या एका बिनरेघी वहीत तो कागद सरकवला आणि वर लिहिलं, ‘कमळ बघ’. ओळ सरळ आली. ती पुन्हा रडली, पण यावेळी मला राग आला. मी म्हटलं, पुरे आता, वहीवर पाणी पडतंय.

एक गोष्ट मात्र आमच्या दोघींच्याही लक्षात आली नव्हती. हा प्रकार पातळ कागदावरच चालतो. ज्यांनी स्वस्त वह्या घेतल्या होत्या त्यांच्या मुलांना रेघा छान दिसू लागल्या. ज्यांनी भारीतल्या घेतल्या होत्या त्यांच्या मुलांना काही म्हणजे काही दिसेना. धुणीभांडी करणाऱ्या सखूबाईंची नात सरळ लिहायला लागली आणि वेदांत तसाच डोंगर चढत राहिला. ही बातमी ग्रुपवर पोचायला किती वेळ लागणार?

आमच्याकडे एप्रिलमध्ये जयंतीला लोक हारांऐवजी वह्या आणि पेनं आणतात. ती मग विहारातून वस्तीतल्या मुलांना वाटतात. त्यासाठी आम्ही खास स्वस्त वही ठेवतो, तिला आम्ही वाटपाची वही म्हणतो. कागद इतका पातळ की मागच्या पानावरचं पुढे वाचता येतं. काही मंडळं मुलांना चित्रं काढायला म्हणून त्यात बिनरेघीही घेतात. त्यातला एक गठ्ठा माझ्याकडे माळ्यावर विसरून राहिला होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत गाड्या लागल्या. सोसायट्यांमधली माणसं रांगेत उभी राहून वाटपाची वही मागत होती. वेदांतच्या बाबांनी पान बोटांत धरून उजेडाकडे पाहिलं आणि विचारलं, “ताई, याहून हलकी नाही का?” हा प्रश्न माझ्या सगळ्या दुकानदारीत मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, “याहून हलकी फक्त पतंगवाल्याकडे मिळेल.” ते पत्ता विचारायला लागले.

शनिवारच्या सभेला प्रणालीने मला बोलावलं. बाजारात कोरी म्हणजे काय, हे मी सगळ्यांना सांगावं असं तिच्या मनात होतं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. वाटेत भाषण तयार केलं, साडी कोरी, मडकं कोरं, सगळं. दारात हेडमॅमनी मला पाहिलं, त्यांना वाटलं कुणाची तरी आजी आहे. “आजी, पीछे बैठिये,” म्हणाल्या आणि मला पहिलीतल्या मुलांच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीतून उठायला मला दोन माणसं लागली असती, त्यामुळे भाषणाचा प्रश्न आपोआप मिटला.

वेदांतचे बाबा उभे राहिले. “मॅम, वी फॉलोड द लिस्ट. कोरीच लिहिलं होतं. च होता.”

“व्हॉट इज धिस च?” हेडमॅमनी विचारलं.

च म्हणजे काय हे चार पालकांनी एकदम इंग्रजीतून समजावलं. हेडमॅमच्या कपाळावरची आठी वाढत गेली. त्यांनी प्रणालीकडे पाहिलं. ती फळ्याजवळ उभी होती, हातात डस्टर घट्ट धरून. पुरावा म्हणून हेडमॅमनी टेबलावरच्या ढिगातली सगळ्यात वरची वही उचलली. ती वेदांतची होती, वाटपाची, नवी. पान उघडलं, खालचा रेघांचा कागद काढून ठेवलेला होता. कोऱ्या कागदावर सातआठ ओळी, एकही वर नाही, एकही खाली नाही. हेडमॅमनी चष्मा लावला. दुसरी वही पाहिली, तिसरी पाहिली. त्यांना मराठी फारसं वाचता येत नसे, पण सरळ ओळ कुठल्याही भाषेत सरळच दिसते.

“विदाउट लाइन्स?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सभेकडे पाहिलं, वह्यांकडे पाहिलं आणि आवाज एकदम गोड केला. “मिस, धिस वॉज प्लॅन्ड, ना?”

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. ‘नाही’ म्हणाली तर खरं होईल आणि दिवाळीनंतर भंडारा. ‘हो’ म्हणाली तर पुणं. त्या एवढ्याशा खुर्चीतून मी मान डोलावली.

“येस मॅम,” ती म्हणाली. “कोरी म्हणजे बिनरेघीच सांगायची होती. मुलांना रेघेची सवय लागू नये म्हणून.”

हेडमॅमनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. वेदांतच्या बाबांनी तर सांगितलं की त्यांना पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. मीही टाळी वाजवली. मला खूप आनंद झाला होता. पोरीची नोकरी वाचली, एवढंच मला त्या वेळी दिसत होतं, आणि ते काही थोडं नव्हतं.

दिवाळीआधीच तिला पक्कं केलं. पेढे घेऊन ती दुकानात आली तेव्हा शटर पूर्ण उघडं होतं. पुढच्या वर्षी मुलांना रेघेविना शिकवणारी म्हणून हेडमॅमनी संपूर्ण प्राथमिकच्या याद्या तिच्याकडे सोपवल्या. मला वाटलं, चला, आता तरी माणसाने वाचावी अशी यादी येईल. चुकीच्या शब्दाने जिचा जीव जाता जाता राहिला, ती नीट चार शब्दांत लिहील.

तिने नीट लिहिलं. चार शब्दांत नाही. ‘कोरी (म्हणजे बिनरेघी, आणि नवीसुद्धा)’ इथून सुरुवात होती. त्याच्या पुढच्या वर्षी कागद किती पातळ ते आलं, कारण एका मुलाला रेघ दिसली नव्हती. खालच्या रेघांच्या कागदाचे कोपरे गोल हवेत हे आलं, कारण एकाला कोपरा टोचला होता आणि त्याची आई वकील होती. रेघ काळीच, निळी नको, कारण एकाने निळी आणली आणि दुसऱ्याने विचारलं की मग मला का नाही. ती अधूनमधून दुकानात यायची तेव्हा एकेका अटीमागची हकिगत सांगायची. तेव्हा मला कळलं की आपण ज्या याद्यांना इतकी वर्षं हसतो, त्यातली प्रत्येक वेडगळ अट म्हणजे कुणीतरी कधीतरी खाल्लेली बोलणी आहेत. त्यामुळे मी हसायची थांबले असं नाही. पण आता आधी अट पूर्ण वाचते आणि मग हसते. हळूहळू तिचं दुकानात येणं कमी झालं. तिच्या बोलण्यातला तो ‘न’ही गेला, पक्की पुणेरी मराठी बोलायला लागली.

यंदा माझी नात तिच्या वर्गात गेली. यादी आली. आता ती दोन पानांची झाली आहे. रेघांच्या कागदापुढे लिहिलं होतं, ‘छापीलच आणावा. हाताने आखलेला चालणार नाही.’

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. दुकानात छापील कागदांचा गठ्ठा होता. मुलगा म्हणाला, आई, एक घेऊन टाक. मी घेतला नाही. मार्कर काढला, पट्टी काढली आणि नातीसाठी हाताने आखला. रेघा अजून सरळ आल्या. कोपरे मात्र गोल कापले, तेवढी अट मला पटली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना नात रडत बाहेर आली. तिला वर्गात लिहू दिलं नव्हतं. मी फाटकाशी उभी होते, इतर पालकही होते. प्रणाली मिस मुलांना सोडायला बाहेर आली. नातीच्या हातातला कागद तिने घेतला आणि माझ्यापुढे धरला.

“आजी, हा हाताने आखलेला आहे. यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण वाचली नाहीत का?”

ती मला काकू म्हणायची. आजी म्हणाली याचं नाही वाईट वाटलं, वय झालंय. पण तिने मला ‘आपण’ म्हटलं, आणि पुण्यात ‘आपण’ कुणाला कधी म्हणतात हे तिला आता चांगलं कळत होतं. मला राग आला. बोलायला खूप होतं. हा कागद पहिल्यांदा कुठे आखला, कुणी आखला, तेव्हा तिने कुणाच्या डब्यातली पोळीभाजी खाल्ली, हे त्या सगळ्या पालकांसमोर सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात तिने मान किंचित मागे वळवली. वरच्या खिडकीत हेडमॅम उभ्या होत्या, खाली पाहत. पक्की नोकरी झाली म्हणजे काय झालं, ते मला त्या मान वळवण्यात दिसलं. जिला मी त्या दुपारी वाचवलं होतं, ती अजून फळ्याजवळच उभी होती, डस्टर घट्ट धरून.

“चुकलं, मिस,” मी म्हटलं. “उद्या छापील पाठवते.”

तिने कागद मला परत दिला. घडी न करता, दोन्ही हातांनी. मग पुढच्या मुलाकडे वळली.

नात डोळे पुसत माझ्या बोटाला धरून चालत होती. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, “आजी, तू मिसना ओळखतेस?”

“ओळखायचे,” मी म्हटलं.